उजेडाकडे तोंड करून

शिडीवरचा माणूस खाली पडला नाही हे त्याचं नशीब, आणि लतिका पाठारेला धरणीनं पोटात घेतलं नाही हे तिचं.

झालं होतं असं. १९८२चा ऑगस्ट संपत आला होता. गिरगावात एका वाडीच्या टोकाला बहिऱ्या मुलांची शाळा होती आणि गणपतीच्या सुट्टीत तिला रंग लावायचं काम चाललं होतं. लतिका वरच्या गॅलरीत तक्ते चिकटवत होती. तिची मैत्रीण पद्मजा पटांगणापलीकडे, हॉलच्या दारात उभी. मध्ये शिडी, शिडीवर एक रंगारी. या शाळेतल्या शिक्षिकांना एक खोड लागलेली असे. लांबून बोलायचं झालं की त्या आवाज काढतच नसत, नुसते ओठ हलवत. मुलांना ओठ वाचायला शिकवता शिकवता त्यांनाही ते जमून गेलं होतं.

"नवा रंगारी बघितलास?" लतिका ओठांनी म्हणाली. "ब्रश धरलाय झाडूसारखा."

"पण दिसायला..." पद्मजा.

"दिसायला बरा आहे हं. डोळे बघ डोळे."

"विचारू का, लग्न झालंय का म्हणून?"

"विचार की! पण तुझ्यासाठी. माझं नाव नको घेऊस."

"नाही झालं!" शिडीवरून आवाज आला. आवाज कसला, अख्ख्या वाडीनं खिडक्या उघडाव्यात असा. "आणि ब्रश आयुष्यात पहिल्यांदाच धरलाय, बाई. आमचं काम मागावरच्या धोट्याचं."

पद्मजा आत पळाली. लतिकाला पळायला जागा नव्हती. ती जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"ऐकू कसं येईल? तुम्ही बोललातच कुठे! वाचलं."

"काय वाचलंत?"

"तुमचे ओठ," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. तो घाईघाईनं एक पायरी वर चढला. "म्हणजे... तसं नव्हे..."

त्याचं नाव तुळशीदास घाडी. मूळ गाव मालवणाकडे, बिऱ्हाड लालबागला, परळच्या एका गिरणीत साचाखात्यात अकरा वर्षं. साचे म्हणजे कापड विणायचे माग. जानेवारीत संप झाला तेव्हापासून ते बंद होते आणि तुळशीदास मिळेल ते काम करत होता. ब्रश धरायची वेळ त्यातूनच आलेली.

"चारशे साचे एकदम चालले ना, बाई, की कानात बोटं घातली तरी आवाज हाडातून येतो. तिथं ओरडून काय होणार? सगळे ओठच वाचतात. सहा महिन्यांत येतं. नाही आलं तर जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, शिव्या घालतो, आणि त्या पण कळत नाहीत!"

लतिका हसली. हसू नये असं ठरवून हसली, त्यामुळे जरा जास्तच हसली.

सुट्टी संपली, मुलं आली, रंगकाम अजून उरलं होतं. तुळशीदास तिच्या वर्गाच्या खिडक्यांना रंग लावू लागला. एक खिडकी तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो दाराशी आला.

"एक बोलू? राग नाही ना येणार?"

"बोला. पण हळू."

"हळू येत नाही." ते खरंच होतं. साचाखात्यातल्या माणसाला कुजबुज हा प्रकारच ठाऊक नसतो. "तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहता, बाई. पोरांना दिसतो मागचा उजेड. तुमच्या तोंडावर काळोख. ती वाचणार काय?"

लतिकानं या विषयाची पदविका पहिल्या वर्गात मिळवली होती. राग आलाच. पण दुसऱ्या दिवशी तिनं सगळे बाक उलटे फिरवले आणि स्वतः उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. पुढच्या बाकावर वरळी कोळीवाड्यातली शेवंती होती. आठ वर्षांची, गेली दोन वर्षं 'जमत नाही' या शेऱ्याखाली बसलेली. लतिकानं आवाज न काढता विचारलं, "आई काय विकते?" शेवंतीनं क्षणभर बघितलं आणि आपल्या जाडसर, स्वतः कधी न ऐकलेल्या आवाजात उत्तर दिलं, "पापलेट!"

खिडकीबाहेर ब्रश थांबला होता. तुळशीदास हसत होता, आणि त्याच्या नाकावर हिरवा रंग होता.

मग लतिकानंच विचारायला सुरुवात केली. तो सांगे, ती वहीत लिहून घेई.

"तुम्ही तोंड फार फाडता. आई घरी अशी बोलते का? भाजीवाला बोलतो? साधं बोला. आणि नुसते ओठ नका वाचायला लावू. गळा हलतो, गाल हलतो, भुवई हलते. माणूस काय बोलायला आलाय ते त्याच्या चालण्यावरनं कळतं. निम्मं आधी ओळखायचं, निम्मं वाचायचं... लिहिताय काय? असं काय मोठं सांगितलं मी?"

"सांगितलंत ते आमच्या पुस्तकात नाही."

"पुस्तक लिहिणारा साच्यावर नसेल."

रंग संपला तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्याला मोडके बाक दुरुस्तीला दिले. सकाळी ठोकाठोक, दुपारी वर्गाच्या मागच्या बाकावर. शनिवारी तो आणि लतिका अकरा मुलांना भाजीगल्लीत नेत आणि गिऱ्हाईक-भाजीवाल्यांची भांडणं लांबून वाचायला लावत. मुलांना अभ्यासाचा असा नाद त्याआधी कधी लागला नव्हता. त्यातल्या काही शब्दांचे अर्थ लतिकानं सांगितले नाहीत. तुळशीदासनंही सांगितले नाहीत, पण तो फार मोठ्यानं हसला.

संध्याकाळी साडेपाचला तो लालबागच्या बससाठी पलीकडच्या फुटपाथवर उभा राही. लतिकाचं घर अलीकडे, चालत सहा मिनिटांवर. मध्ये गिरगावचा रस्ता... हॉर्न, हातगाड्या, टॅक्सी. दोघं दोन काठांवर उभी राहून बोलत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पत्ता लागत नसे.

"उद्या येणार?"

"वीस बाक उरलेत."

"सोमवारी एकवीस होते. आठवड्यात एकच?"

"सावकाश करतोय."

"इतकं सावकाश?"

"हातानं हळू येतं, बाई. आवाजानंच येत नाही."

मध्येच बस आली. लाल भिंतीसारखी उभी राहिली, भरली, गेली. लतिका निघायला वळली आणि थबकली. तो तिथंच होता.

"बस गेली तुमची."

"दुसरी येईल." मग फुटपाथच्या कडेपर्यंत पुढे येऊन, "मला एक सांगायचंय तुम्हाला. पण तोंडानं सांगायला गेलो तर ठाकूरद्वारपर्यंत ऐकू जाईल."

"मग... असंच सांगा ना."

तिचं काळीज इतकं धडधडत होतं की ते त्याला पलीकडून वाचता येईल अशी तिला भीती वाटली. पण त्यानं मान हलवली.

"साचा सुरू झाला की सांगेन. आत्ता सांगणं म्हणजे रिकाम्या हातानं सांगणं."

"रिकामे कुठे? सकाळपासून हातोडा आहे हातात."

"तो उसना. हे हात साच्याचे आहेत, बाई. साच्यावर असले की मी... मी असतो."

दिवाळी गेली. संक्रांत गेली. साचा सुरू झाला नाही. तुळशीदासच्या शर्टाची कॉलर मोठी दिसू लागली. म्हणजे मान बारीक झाली. डब्यात आधी भाकरी आणि सुकट असे, मग भाकरी आणि लसणीची चटणी, मग तो डबा आणेनासाच झाला आणि "आज उपास" म्हणू लागला. मंगळवारी उपास, बुधवारी उपास. बाकही संपत आले होते. भिवंडीला यंत्रमागांवर माणसं घेतात, असं त्याच्या तोंडून दोनदा आलं. भिवंडीला गेलेला माणूस साडेपाचच्या बससाठी उभा राहत नाही, एवढं गणित लतिकाला कळत होतं.

म्हणून तिनं मार्चमध्ये एक उद्योग केला. त्याला न विचारता.

शाळेत शिपायाची जागा रिकामी होती. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ महिन्यातून एकदा येत, काचेच्या कॅबिनमध्ये बसून कागद बघत. लतिका तुळशीदासच्या नावानं स्वतःच लिहिलेला अर्ज घेऊन आत गेली. ते मान वर न करताच म्हणाले, "शिपाई म्हणून कोण हा घाडी? चौकशी केलीय?"

वर्गात काय चमत्कार झाला, शेवंती कशी बोलू लागली, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण साहेबांना घाई दिसली, आणि घाईत माणूस लवकर पटणारं बोलतो.

"बिचारा गिरणीवाला आहे हो. संपात सगळं गेलं त्याचं. कुठेतरी चिकटवून टाका, दुवा देईल."

साहेबांनी सही केली. लतिकानं आनंदानं मान वर केली, आणि साहेबांच्या पाठीमागच्या काचेपलीकडे पटांगणात तुळशीदास उभा होता. हातात हातोडा. तो तिच्याकडेच बघत होता. किती वेळ बघत होता हे विचारायची गरज नव्हती.

ती बाहेर धावली. त्यानं हातोडा शेवटच्या बाकावर ठेवला, अगदी अलगद, जसं काही ते काचेचं भांडं आहे.

"तुळशीदास, ऐका... म्हणजे बघा, मी..."

तो बोलला, पण आवाज न काढता. वाडी भरून टाकणारा तो माणूस त्या दिवशी नुसते ओठ हलवून बोलला.

"छान जमलं, बाई. उजेडाकडे तोंड करून बोललात. एक अक्षर चुकलं नाही."

मग तो गेला. साडेपाच वाजता पलीकडच्या फुटपाथवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्या दिवशीही नव्हतं.

मे महिन्यात लतिका पत्ता विचारत लालबागच्या चाळीत गेली. तिसरा मजला, चौदा नंबरची खोली. त्याची आई, राधाबाई, दारात तांदूळ निवडत बसली होती.

"तू ती शाळेतली बाई काय गो?" लतिकानं नाव सांगायच्या आधीच तिनं विचारलं. तीही मोठ्यानंच बोलत होती. घरालाच ती सवय असावी. "बस. तो नाय हय. भिवंडीक गेलो. पेज घे जरा."

लतिकानं पेज घेतली. मग जे झालं ते सांगून टाकलं, 'बिचारा' या शब्दासकट. सांगताना तिचे डोळे भरले. राधाबाईनं एक खडा टिपला, बाजूला टाकला.

"माझो घोव बी साच्यारच होतो. तेच्या साचाखात्यातला कापड बघून बाजारातली माणसां सांगत, ह्यां अमक्याच्या हातचां. तेचो पोर ह्यो. तेका भूक लागली तर तो उपाशी ऱ्हवात, पण बिचारो नाय म्हणान घेवचो." मग ती एकदम हसली. "माझ्याशी मरेपर्यंत ओठांनीच बोललो गो. सासू हयसरच बसलेली आसायची ना! तिका वाटायचां, दोघांचा भांडाण आसा म्हणान गप आसत."

लतिकाला रडता रडता हसू आलं.

"तेका नोकरी नको होती," राधाबाई म्हणाली. "तू तेका इचारूक होया होतां. इतक्याच." आणि जिन्यापर्यंत पोचवायला येताना म्हणाली, "गिरणी चालू झाली तर दसऱ्याक ये. दसऱ्याक घरातल्या माणसांक आत सोडतत."

घरातल्या माणसांना... लतिका जिना उतरेपर्यंत ते शब्द घोळवत होती.

सप्टेंबरात पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, दोनच ओळींचं. 'तुळशीक कामावर घेतल्यानी. दसऱ्याक ये.'

गिरणी अर्धीच सुरू झाली होती. जुन्यांतले निम्मे फाटकाबाहेरच राहिले होते; जे आत गेले ते सहकाऱ्यांच्या रिकाम्या साच्यांकडे बघत काम करत होते. पण दसऱ्याचा रिवाज त्यांनी मोडू दिला नाही. साचे धुऊनपुसून लख्ख केले, झेंडूची तोरणं बांधली, धोट्यांना हळदकुंकू लावलं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आपला माणूस इतकी वर्षं कुठे जातो, ते बघायला मिळायचा वर्षातला हा एकच दिवस.

लतिका एकटी आली नव्हती. तिच्या मागे दोघादोघांच्या रांगेत अकरा मुलं होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाची माणसं?" राधाबाई पुढे झाली. "घाडीची," ती म्हणाली. "सगळी."

तुळशीदास आपल्या साच्यापाशी होता. स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळाला गंध. त्यानं तिला बघितलं, मुलांना बघितलं आणि हातातली आपट्याची पानं तशीच धरून उभा राहिला. भिवंडीनं त्याचे गाल आणखी आत नेले होते. पण साच्याशी तो असा उभा होता, जसा माणूस स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात उभा राहतो. लतिकानं त्याला असं कधी बघितलंच नव्हतं.

नारळ फुटला. मग कोंडीराम जॉबरनं, पिकल्या मिशांच्या, तेहतीस वर्षं या खात्यात काढलेल्या माणसानं, हात वर केला. घरच्यांना दाखवण्यासाठी साचे दहा मिनिटं चालवायचे, हाही रिवाज होता. हँडलं ओढली गेली.

आवाज आला नाही, कोसळला. जमीन थरथरू लागली. बायकांनी कान झाकले, एक तान्हं मूल रडू लागलं आणि त्याचं रडणं नुसतं दिसलं. फक्त अकरा मुलांनी कान झाकले नाहीत. ती तळपायांकडे बघून हसत होती.

आणि मग विणकरांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. आपसांत बोलत तसेच, सहज.

"नाव काय गो तुझं?"

"शेवंती. तुमचं?"

"कोंडीराम. हा धोटा बघ, कसा उंदरासारखा पळतो!"

शेवंतीच्या आयुष्यात ही पहिली जागा होती, जिथं तिला कुणी "काय? परत सांग" म्हटलं नाही. लतिका बघत राहिली. पुस्तकांतून दोन वर्षं शिकून जे तिला हाती लागलं नव्हतं, ते या माणसांनी घामाच्या धारांत, पाळ्या करता करता कमावलं होतं. आणि तिनं म्हटलं होतं, बिचारा.

ती दोन साच्यांमधल्या बोळात येऊन उभी राहिली. आधी वर बघितलं. छपराच्या काचांतून उजेड कुठून येतो ते हेरलं, त्याच्याकडे तोंड केलं. आणि ओठांनी बोलली.

"माझं चुकलं."

तुळशीदास हलला नाही.

"मी तुम्हाला बिचारा म्हटलं. तुम्ही माझे गुरुजी आहात. शाळेच्या अहवालात मी तसं लिहिलंय. ही पद्धत साचाखात्यातले विणकर तुळशीदास घाडी यांनी शिकवली, असं. छापून आलंय. शनिवारी मुलांना शिकवायला याल? शिपाई म्हणून नाही. शिकवायला. आधी विचारायला हवं होतं, म्हणून आता विचारतेय."

त्याच्या भुवया जराशा वर गेल्या. "एवढंच विचारायला आलात?"

"नाही..." तिनं एक श्वास घेतला. इथं कुणाला ऐकू येणार होतं? चारशे नाही, तरी शंभरेक साचे गर्जत होते. इतकी सुरक्षित जागा अख्ख्या मुंबईत दुसरी नव्हती. "तुम्ही म्हणाला होतात, साचा सुरू झाला की सांगेन. साचा सुरू झालाय. तुम्ही सांगत नाही, तर मीच विचारते. लग्न कराल माझ्याशी?"

एक साचा थांबला. मग शेजारचा. मग त्यापलीकडचा. ओळच्या ओळ थांबत गेली, आणि शेवटचा धोटा गप्प झाला तेव्हा लतिकाला दिसलं की सारं खातं तिच्याकडे तोंड करून उभं आहे. कुणी डोक्यावरची टोपी काढलेली, कुणी तोंडावर हात धरलेला. कोंडीरामच्या मिशा थरथरत होत्या.

"तुम्ही... तुम्ही सगळ्यांनी..."

"बाई," कोंडीराम गरजला, "तेहतीस वर्षं झाली, या खात्यात कुणाचं गुपित टिकलं नाय! अरे तुळशा, मेल्या, बाई काय इचारतायत? दातखीळ बसली काय तुझी?"

तुळशीदास पुढे आला. शंभर साच्यांकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास आला. त्यानं तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. त्या बोटांना कापूस, तेल, हळद असे तीनही वास होते. मग त्यानं तोंड उघडलं, आणि जन्मात कधी न जमलेली गोष्ट त्याला जमली. तो हळू बोलला.

इतकं हळू, की लतिकालाही ते वाचावं लागलं.

"काय म्हणाला?" मागून कोंडीराम. "ए, पाठ फिरवून काय बोलतोस? काय म्हणाला तो?"

"काय म्हणालो गो?" राधाबाई ओरडली.

लतिकानं डोळे पुसले. एक पाऊल बाजूला झाली, जिथं छपराचा उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि साऱ्या साचाखात्याला दिसेल असं, आवाज न काढता, सावकाश म्हणाली,

"हो म्हणाले."